दोन शिक्षक, चार वर्ग आणि खेळाचा तास

प्रश्न: मी यंदा डोंगराळ भागातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले. पहिली ते चौथी मिळून पट २३. मैदान म्हणजे शाळेपुढचं उतरतं अंगण, अर्धा कोबा आणि अर्धं गवत. साहित्य म्हणाल तर एक व्हॉलीबॉल, दोन बॅटी आणि गंजलेल्या लेझमी. शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात आहे, पण प्रत्यक्षात "जा, खेळा" म्हणून मुलांना सोडून देतो. मला स्वतःला खेळातलं काही येत नाही. तास घ्यायचा कसा, नोंदी काय लिहायच्या आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धांचं काय करायचं?

उत्तर:

मॅडम, आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे वाट बघण्यात वर्ष जाणार नाही. तुमच्या शाळेवर पीटीचे सर येणार नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशकांची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकांची, तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असला तर. पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत शिक्षक दोनच. म्हणजे तुम्ही आणि तुमचे मुख्याध्यापक. त्याच परिशिष्टात शाळेला मैदान हवं आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य हवं, असंही लिहिलेलं आहे. तेव्हा खेळाचा तास म्हणजे अभ्यास आटपल्यावर पोरांना दिलेलं बक्षीस, ही समजूत कुणाची असेल तर ती आधी सोडायला लावा.

"मला खेळातलं काही येत नाही" हे मात्र मनावर घेऊ नका. चौथीपर्यंतच्या मुलांना प्रशिक्षक लागत नाही. सहा ते दहा या वयात शिकायचं ते एवढंच: धावता धावता थांबणं आणि वळणं, उडी मारून नीट खाली येणं, एका पायावर तोल धरणं, फेकणं, झेलणं, पायाने चेंडू मारणं, लोळणं, लोंबकळणं. खेळांची नावं पुढची. ज्याला धावता धावता अचानक वळता येतं ते मूल पुढे कबड्डीत जाईल नाहीतर फुटबॉलमध्ये. ज्याला ते आलंच नाही, ते पाचवीपासून मैदानाच्या कडेला बसून मित्रांच्या चपला सांभाळतं. मोठ्या शाळेतून चपला सांभाळणारी मुलं दिसत नाहीत, कारण तिथे गर्दी असते. तुमच्याकडे २३ च आहेत, प्रत्येकाकडे लक्ष जाईल.

आता मुद्द्याचं. तास चांगला झाला की नाही हे शिस्तीवरून ठरवू नका, रांगा सरळ होत्या का यावरून तर मुळीच नाही. एका मुलाला किती वेळ खरोखर हालचाल मिळाली, एवढंच बघा. साधा हिशेब घ्या. २३ मुलं, एक चेंडू, एक रांग. एकाची पाळी १५ सेकंदांची धरली तर रांग एकदा फिरायला पावणेसहा मिनिटं लागतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत बाहेर येण्या-जाण्यात पाच मिनिटं गेली, तर उरलेल्या अर्ध्या तासात एका मुलाच्या वाट्याला पाच पाळ्या येतात, म्हणजे सव्वा मिनिट. बाकी सगळा वेळ ते पुढच्याच्या शर्टाशी खेळत उभं. वरून मैदान कसं भरलेलं दिसतं! जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी धाप लागेल अशी हालचाल हवी. लांबच्या वाडीवरनं चालत येणाऱ्या पोरांचं त्यातलं थोडं काम वाटेतच होतं, पण शाळेच्या शेजारी राहणाऱ्यांचं काय? पुढच्या तासाला एक मूल निवडा, त्याला न सांगता, आणि ते हलतंय तेवढाच वेळ घड्याळावर मोजा. मी नव्या शिक्षकांना हे पहिल्याच भेटीत करायला लावतो. त्यानंतर मला फार काही सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी काढून टाकल्या की हा वेळ आपोआप वाढतो: एक रांग, दुसरं "बाद". बाद होण्याचे खेळ फसवे असतात. ज्याला खेळण्याची सगळ्यात जास्त गरज, तेच मूल पहिल्या मिनिटाला बाद होऊन बसतं, आणि जे आधीच तरबेज ते शेवटपर्यंत खेळतं. संगीत खुर्ची हा मला त्यातला सगळ्यात वाईट खेळ वाटतो. गॅदरिंगला ठीक आहे. "मामाचं पत्र हरवलं" मध्येही एका वेळी दोघंच पळतात आणि एकवीस जण मांडी घालून बसतात. आवडीचा खेळ आहे, बंद करा म्हणत नाही, पण त्याला शारीरिक शिक्षणाचा तास म्हणू नका.

त्याऐवजी विषामृत घ्या. पोरांना तो येतोच, तुम्ही फक्त नियम थोडे वाकवायचे. २३ जणांत एकावर राज्य दिलं तर ते बिचारं दमून रडकुंडीला येतं. तिघांवर द्या. त्यांच्या हातात रंगीत फडकं द्या, म्हणजे पळणाऱ्यांना ते लांबून कळतात. विष मिळालेल्याने पाय फाकवून उभं राहायचं, आणि अमृत द्यायचं ते पाठीवर थाप मारून नाही, तर त्याच्या पायांमधून रांगत जाऊन. झालं, पळणं, अचानक थांबणं, वाकणं, रांगणं सगळं एका खेळात आलं. दीड-दोन मिनिटांनी शिट्टी मारून राज्य बदला. सगळे विषात गेले की खेळ संपला, असं ठेवू नका. वेळ संपली की संपला. रांगण्यासाठी हा खेळ गवताच्या बाजूला घ्यायचा, कोब्यावर गुडघे सोलतात.

दुसरा राम-रावण. मध्ये दोन रांगा समोरासमोर, दोन-अडीच मीटर अंतरावर. प्रत्येक रांगेच्या मागे आठ-दहा मीटरवर फक्कीची रेघ, ते त्यांचं घर. तुम्ही "रा... रा... रा..." असं लांबवत राहायचं आणि एकदम "राम!" म्हणायचं. रामाची रांग पकडायला धावते, रावणाची घराकडे पळते. "रावण" म्हटलं की उलट. पकडलेला बाद होत नाही, पकडणाऱ्यांच्या रांगेत जातो. मधूनच "राजा", "राक्षस", "रामभाऊ" म्हणून बघा, जो हलला त्याने जागेवर तीन उड्या मारायच्या. पहिलीची पोरं या खेळात जीव कानात आणून उभी असतात. तुमच्या उतरत्या अंगणात एक काळजी घ्या: रांगा उताराला आडव्या पळतील अशा उभ्या करा. एक रांग चढावर आणि एक उतारावर पळाली तर खेळ एकतर्फी होतो, आणि उतारावर सुटलेलं पोर थांबत नाही.

तिसरा शेपटीचा. प्रत्येकाने कमरेला मागे रुमाल खोचायचा, निम्मा बाहेर लोंबता. दुसऱ्याची शेपूट ओढायची, आपली वाचवायची. ज्याची गेली त्याने थांबायचं नाही, त्याने दुसऱ्याची मिळवायची आणि स्वतःला लावायची. या खेळात धरपकड नाही, कपडे फाटत नाहीत, आणि कबड्डीला लागतं ते पायांचं काम अंगात बसतं. कबड्डी चौथीपर्यंत मी याच पद्धतीने घेतो. दम घुमवायला शिकवतो, चढाई शिकवतो, पण घोट्याला पकडणं नाही. कोब्यावर तर अजिबातच नाही.

आता पहिली आणि चौथी एकत्र कशी खेळवायची, ही तुमची खरी अडचण. सहा वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एकत्र पळवलं तर मोठं मूल कंटाळतं आणि धाकटं रडतं. याचं उत्तर पोरांनी आपल्याआधीच काढून ठेवलंय. गल्लीत धाकट्या भावाला लिंबूटिंबू म्हणून घेतात ना? त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. फक्त शाळेत लिंबूटिंबूला शोभेचा ठेवू नका. त्याला धरलं तर चालतं, पण त्याला दोन जीव. त्याने कुणाला धरलं तर दोन गुण. आणि उलट्या बाजूने मोठ्यांवर बंधन घाला: चौथीच्या मुलाने पहिलीच्याला धरायचं असेल तर लंगडी घालत धरायचं. तिसरीवाल्याने दुसरीच्याला धरायचं तर दोन्ही पायांनी उड्या मारत. मोठ्या मुलाला हे आव्हान वाटतं, धाकट्याला सुटायची खरी संधी मिळते, आणि मोठ्यांची लंगडी पक्की होते ती वेगळीच. लंगडी ही फार गुणी गोष्ट आहे. पाय, पोट, तोल, दम सगळं तिच्यात येतं. पाय बदलायला मात्र लावा, नाहीतर मुलं वर्षभर उजव्याच पायावर राहतात.

फेकणं हे मुद्दाम शिकवावं लागतं, ते नुसतं खेळून येत नाही. मुलींना तर घरी-दारी कुणी चेंडू देतच नाही, म्हणून "मुलींना फेकता येत नाही" हे आपणच तयार केलेलं आहे. पहिली-दुसरीचं मूल फेकताना भिंतीला तोंड करून सरळ उभं राहतं आणि फक्त कोपर हलवतं. किंवा ज्या हाताने फेकतं तोच पाय पुढे टाकतं. तोंडी सांगून काही होत नाही. खडूने जमिनीवर दोन पावलं काढा, भिंतीला आडवी. उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी डावं पाऊल भिंतीच्या बाजूला, उजवं मागे. मुलाने त्या पावलांवर उभं राहायचं, म्हणजे डावा खांदा आपोआप भिंतीकडे येतो. मग तीन शब्द म्हणायचे: "मागे, पाऊल, फेक." मागे म्हणजे चेंडूचा हात कानामागे. पाऊल म्हणजे पुढचा पाय एक वीत पुढे. फेक म्हणजे फेक. मुलं मोठ्याने म्हणत फेकतात. निशाण्याचं वर्तुळ काढू नका सुरुवातीला. निशाणा दिला की मूल जपून फेकतं आणि पुन्हा कोपरातून फेकायला लागतं. "भिंतीचा आवाज किती मोठा येतो बघू" म्हणा. जोर आला की निशाणा मागून शिकवता येतो. झेलण्याचं उलट आहे. लहान मूल चेंडू छातीशी कवटाळतं आणि तोंडावर येईल म्हणून मान फिरवतं. त्याला कापडी चेंडू द्या, जवळून, खालून टाकलेला, आणि आधी एक टप्पा घेऊ द्या. कडक चेंडू तोंडावर बसला की ते मूल पुढे कितीतरी दिवस हात पुढे करत नाही.

वेळापत्रकाचं म्हणाल तर चार वर्गांचा तास एकत्रच ठेवा, आणि खिचडीच्या आधी. खिचडी खाऊन लगेच पळवलं की पोटात दुखतं, एखादं ओकतं, आणि मग दुसऱ्या दिवशी पालक. सगळी शाळा एकदम बाहेर आली की एकाने तास घ्यायचा, दुसऱ्याने सुरुवातीला पहिलीच्या मुलांबरोबर कडेला राहायचं. ही घडी बसली की मुख्याध्यापक त्या वेळात ऑनलाइन माहित्या भरतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते हवंच असतं. ते शिक्षण परिषदेला किंवा पंचायत समितीत गेले की तुम्ही एकट्या. अशा दिवशी दोन खोल्यांत चार वर्ग सांभाळण्यापेक्षा सगळ्यांना अंगणात घेणं सोपं पडतं, मग खेळातच पाढे आणि जोडशब्दही येतात. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा तास जरा लांबवा. उन्हाळ्यात पहिल्या तासालाच घ्या, आणि आधी-मध्ये-नंतर पाणी.

तास घेताना शिट्टीची भाषा आधी शिकवा. एक लांब शिट्टी म्हणजे पुतळा, दोन छोट्या म्हणजे माझ्याभोवती गोल. पहिला आठवडा नुसतं हेच खेळवा, पळायचं आणि पुतळा व्हायचं. नियम सांगायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त घेऊ नका. दोन मुलांना करून दाखवायला लावा आणि सुरू करा, बाकीचं खेळताना कळतं. बोलताना सूर्य तुमच्या डोळ्यांवर येऊ द्या, मुलांच्या नको, नाहीतर ती डोळे बारीक करून भलतीकडे बघतात. भिडू निवडायला दोन कप्तान उभे करू नका. शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा बघवत नाही. तुम्हीच गट पाडा, आणि ते रोज बदला.

तुमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस हटत नाही, तेव्हा वर्षाचा तिसरा हिस्सा तरी व्हरांड्यातच जाणार. कोब्यावर शेवाळ धरलं असेल तर तिथे पळणं बंद, आधी घासून घ्या. व्हरांड्यात खडूने दहा खणांची शिडी आखा, खण साधारण हातभर. एकेका खणात एक पाय, मग दोन पाय, मग आत-बाहेर, मग आडवं चालत, मग मागे. एकच शिडी आखलीत तर पुन्हा रांग आली, तेव्हा चार आखा, खडू स्वस्त आहे. ठिक्कर हाही तोच प्रकार आणि मुलींना तुमच्यापेक्षा चांगला येतो, त्यांनाच शिकवायला सांगा. फुगडी, बसफुगडी आणि झिम्मा मुलग्यांनाही घालायला लावा. पहिल्या दिवशी लाजतात, दुसऱ्या दिवशी सोडत नाहीत, आणि फुगडीत हाताची पकड आणि मागे झुकून तोल धरणं जे येतं ते दुसऱ्या कशात येत नाही. रद्दीचे गोळे करून बादलीत टाका, दोन-दोन मुलांना एक बादली. तिसरी-चौथीला सूर्यनमस्कार घ्या, पण आकड्याच्या मागे लागू नका. घाईने काढलेले पंचवीस म्हणजे नुसती उठबस असते, सावकाश चार घ्या.

साहित्याला पैसे नाहीत असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला खेळासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. कधी रोख येतं, कधी वरूनच संच येतो, आणि संचात हमखास बॅट नाहीतर फुटबॉल. खरेदी तुमच्या हातात असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन लहान आणि जास्त वस्तू घ्या. एका व्हॉलीबॉलच्या मागे २३ मुलं पळण्यापेक्षा बारा छोटे चेंडू बरे, दोघांत एक. तुमच्या उताराला तर मी रबरी रिंगा सुचवीन. रिंग पडली की साधारण तिथंच राहते, चेंडूसारखी ओढ्यात जात नाही, आणि लहान मुलाला ती झेलायला सोपी. जुन्या मोज्यात चिंध्या भरून तोंड शिवलं की कापडी चेंडू तयार, तो पालकसभेत आयांकडूनच शिवून घ्या. दोरीउडीच्या दोऱ्या मापाने कापा: मुलाने दोरीच्या मध्यावर उभं राहायचं आणि दोन्ही टोकं काखेपर्यंत यायला हवीत. त्याहून लांब दोरी पायात अडकते आणि मूल म्हणतं, मला जमत नाही. शंकू विकत घेऊ नका, पाण्याच्या बाटल्यांत अर्धी वाळू भरा. जुने टायर कुणी देऊ केले तर आतली तार उघडी पडली नाही ना, बघून घ्या.

हे सगळं वापरात राहायचं तर ते कपाटाबाहेर राहिलं पाहिजे. किती शाळांत नवे कोरे चेंडू कपाटात बसून वाळलेले बघितलेत! कारण विचारलं की एकच, "फुटला तर डेडस्टॉकला काय दाखवू?" चेंडू आणि दोरी झिजणारच. त्या खपणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत घ्या, डेडस्टॉकला फक्त टिकाऊ गोष्टी, आणि त्याही मोडल्या तर समितीपुढे ठेवून रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे वहीतून कमी करता येतात. साहित्याची पेटी चौथीच्या दोघांच्या ताब्यात द्या, मोजून काढणं आणि मोजून ठेवणं त्यांचं. त्या गंजलेल्या लेझमीही बाहेर काढा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. गावात हलगी वाजवणारं कुणीतरी असतंच. मोबाइलवरच्या गाण्यापेक्षा त्यांच्या हलगीवर मुलं ताल लवकर धरतात. पहिलीच्या हातात लेझीम जड होते, त्यांना टिपऱ्या चालतात.

आता स्पर्धा. केंद्रावर लहान गटाला कबड्डीचे सात आणि खो-खोचे नऊ आणायचे कुठून, ही छोट्या शाळेची नेहमीची रड. नाही आणता आले तर नाही. धावणं, लांब उडी अशा वैयक्तिक प्रकारांत मुलं उतरवा आणि बाकीच्यांना बघायला न्या. माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. स्पर्धा जवळ आली की महिनाभर चार पोरांचा सराव चालतो आणि उरलेली टाळ्या वाजवतात. शाळेला ढाल मिळते, पेपरात फोटो येतो, आणि एकोणीस मुलांचा महिना बुडतो. मला हा सौदा कधीच पटला नाही. त्यापेक्षा शेजारच्या दोन वाड्यांच्या शाळांशी बोलून महिन्यातला एक शनिवार एकत्र ठेवा. मुलं शाळेप्रमाणे नाही, तर मिसळून गट पाडायचे. तिथे खो-खोचे पूर्ण संघ होतात आणि हरल्याचं खापर कुणा एका शाळेवर फुटत नाही.

शाळेत खो-खो घ्यायचाच, आपलाच खेळ आहे, पण पूर्ण डाव नको. आठ मुलं बसून राहतात आणि एक पळतो, म्हणजे पुन्हा रांगच. चार बसणारे, एक पळवणारा, दोन-तीन पळणारे, असे तीन छोटे डाव एकाच वेळी लावा. खांबाच्या जागी बाटल्या. पहिली-दुसरीला दिशेचा नियम कळत नाही. त्यांना आधी नुसतं मागून येऊन "खो" देणं आणि उठून पळणं येऊ द्या. खो देताना पोरं पाठीत धपका घालतात आणि बसलेलं पोर तोंडावर आपटतं, म्हणून उघडा तळवा दोन खांद्यांच्या मध्ये टेकवायचा, हे हाताला धरून शिकवा. बसणाऱ्याचे हात जमिनीला, एक पाय मागे, टाच वर, शर्यतीला सुटतो तसं. मांडी घालून बसलेल्या मुलाला खो देऊन काय उपयोग? आणि जमलं तर एक फोटो वर्गात लावा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तो भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनी दोघांनीही जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. क्रिकेटच्या फोटोंनी भिंती भरलेल्याच असतात.

नोंदींचं काम वाटतं तेवढं अवघड नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात या विषयाला संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची, चाचणी नाही; सगळं आकारिक, म्हणजे शिकता-शिकवताना बघून लिहायचं. त्यामुळे "खेळात आवडीने भाग घेतो" हे एकच वाक्य २३ वेळा उतरवण्याचा मोह सगळ्यांना होतो. तपासणीला ते चालूनही जातं. पण त्याऐवजी जे दिसलं ते लिहा: "डाव्या पायावर लंगडी चार पावलं, नंतर पाय टेकतो." "टप्पा घेतलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलते." "खेळ सुरू झाला की पहिले पाच मिनिटं कडेला उभा राहतो, मग येतो." रोज तीनच मुलांकडे बघा, आठ दिवसांत शाळा पूर्ण होते. मोजमाप हवंच असेल तर खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांपैकी लहान वयाच्या दोन फुकटात होतात. एक, एका पायावर उभं राहून ६० सेकंदांत किती वेळा तोल गेला. दुसरी, बाकावर खडूने दोन गोल काढायचे, केंद्रांत ६० सेंटिमीटर अंतर, एक हात मध्ये स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने दोन्ही गोलांना आळीपाळीने टेकवत २५ फेऱ्या, आणि लागलेला वेळ लिहायचा. जुलैत आणि फेब्रुवारीत घ्या. आकडे मुलांत जाहीर करू नका, प्रत्येकाची स्पर्धा स्वतःच्या जुलैशी. बालभारतीच्या "खेळू, करू, शिकू" च्या प्रती कपाटात असतील तर त्यातले खेळ वापरा, चांगले आहेत, फक्त त्यातही रांग आणि बाद दिसले की नियम बदला.

तब्येतीचं एवढं बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी नुसती उंची-वजनाची यादी घेऊन मोकळ्या होऊ नका, "हे मूल दोन चकरांत धापा टाकतं", "हिचे ओठ निळसर दिसतात" असं डॉक्टरांना स्वतः सांगा. ते तुम्हालाच दिसतं, कारण तुम्ही पळताना बघता. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या शाळांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं असतात. त्यांना पाणी कमी पडलं, अति दमवलं किंवा भिजून थंडी वाजली तर कळा सुरू होतात, तेव्हा त्यांना वगळायचं नाही, पण मध्ये थांबू द्यायचं आणि पाणी पाजत राहायचं. तुमच्याकडे बदली होऊन आलेल्या कुटुंबातलं मूल असू शकतं, विचारून ठेवा. आकडी येणाऱ्या मुलाला झाडावर किंवा विहिरीच्या बाजूला पाठवू नका, बाकी सगळं खेळू दे. तास सुरू व्हायच्या आधी गवतातून काठी फिरवा. खडे वेचायचे तर तोही खेळ करा, कुणाच्या गटाचे जास्त.

आणि शिक्षा म्हणून अंगणाला चकरा मारायला लावू नका, उठाबशाही नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच, पण मला त्याहून खटकतं ते हे की ज्या गोष्टीची गोडी लावायची तीच आपण शिक्षा करून टाकतो. तसंच गृहपाठ झाला नाही म्हणून खेळाचा तास कापायचा नाही. ज्याचा गृहपाठ होत नाही त्याला बहुतेक वेळा हाच एक तास शाळेत आणतो.

पालकांतलं कुणीतरी येऊन म्हणेलच, "बाई, पोरगं शिकायला पाठवलंय, खेळतं तर ते घरीही." त्यांच्याशी वाद घालू नका. एका शनिवारी सकाळी त्यांनाच बोलवा आणि राम-रावणच्या एका रांगेत उभं करा.

रेघा मारायला फक्की नसेल तर चुलीतली राख चालते. चुना मात्र वापरू नका, कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. फक्की आणलीत तर पिशवी जमिनीवर ठेवू नका, तुमच्याकडच्या ओलीत तिचे आठ दिवसांत गोळे होतील.